ठमीच्या केसांचा टोप

मी केसांचे टोप बनवते. नाटकवाल्यांसाठी, टक्कल लपवणाऱ्या साहेबलोकांसाठी आणि आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी. डोक्याच्या मापाच्या जाळीवर आकडीने एकेक केस गाठ मारून बसवायचा, असं हे काम. घाई असेल त्याने दुसरं दुकान बघावं, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सुनावते. त्या दिवसांत मात्र घाई मलाच झाली होती.

माझ्या धाकट्या बहिणीला कॅन्सर निघाला. तिला घरात सगळे ठमी म्हणतात. ती दूरच्या शहरात असते. बातमी तिने फोनवरच दिली आणि शेवटी म्हणाली, "ताई, आता फोन नको करूस. तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं, आणि एकदा रडले की दिवसभर घास उतरत नाही. मेल कर, मी वाचीन." आजारी माणसापुढे कोण बोलणार? मी कबूल केलं.

तिचे औषधोपचार सुरू व्हायचे होते, आणि त्यात केस गळतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ठमीचे केस दाट, लांबसडक. लहानपणी तिची वेणी मीच घालायची आणि ती शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडायची. मी लगेच मेल लिहिला. केस गळायला लागण्याआधी वेणी घाल, दोन्ही टोकांना घट्ट रबर लाव, मुळापासून काप आणि मला पाठव. तुझ्याच केसांचा टोप करते, आरशालासुद्धा पत्ता लागणार नाही.

उत्तर आलं नाही. मी दुसरा मेल पाठवला, मग तिसरा. पुढे पुढे रोजच पाठवायला लागले. हातातली आकडी ठेवून दर थोड्या वेळाने कॉम्प्युटरपाशी जायचं, काही नाही म्हणून परत यायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. एका साहेबांच्या डोक्याचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा चुकवलं. शेवटी माझ्या नवऱ्याने, म्हणजे यांनी, मेहुण्यांना फोन लावला. ते म्हणाले, बरी आहे, थोडं जेवते, पडून असते, आणि ताईंनी फोन करू नये हे अजून म्हणते.

म्हणजे वाचतेय आणि उत्तर देत नाहीये, असा मी अर्थ लावला. माझा जीव टांगणीला आणि ही तोंड शिवून बसलेली. आजारी माणसावर रागावता येत नाही, म्हणून तो राग मी यांच्यावर काढला, चहावर काढला, दाराच्या कडीवर काढला. यांनी गुपचूप कडी दुरुस्त केली. निवृत्त झाल्यापासून यांना काहीतरी दुरुस्त करायचं असतंच.

अशातच नाटक कंपनीचा रंगभूषाकार तणतणत जिना चढून आला. मेलवर खोट्या दाढ्यांचं विचारून इतके दिवस झाले, साधं उत्तर द्यायची पद्धत नाही का, म्हणाला. मी म्हटलं, दोनदा दिलंय. त्याने फोनच माझ्या नाकासमोर धरला. माझा मेल नव्हता. नको ते मेल जाऊन पडतात तो कप्पाही त्याने उघडला. तिथे लॉटरी होती, वजन कमी करायच्या गोळ्या होत्या, मी नव्हते. माझा एकच मेल त्याला मिळाला होता, दोन शब्दांचा: "उद्या या." तो मी बाजारात असताना मोबाइलवरून पाठवला होता.

मोबाइलवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या मेलमध्ये फरक काय, तो शोधायला फार वेळ लागला नाही. धंदा वाढावा म्हणून यांनी कॉम्प्युटरवर एक सोय करून ठेवली होती. मी पाठवीन त्या प्रत्येक मेलच्या खाली आपोआप छापून जायचं: "टक्कल? चिंता सोडा! शंभर टक्के अस्सल केस. हमखास खात्री. आजच कळवा, संधी दवडू नका!" ठमीला पाठवलेल्या प्रत्येक मेलच्या खालीसुद्धा तेच होतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे चष्मा पुसायला लागले.

इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथली मुलगी अगदी गोड बोलत होती. असले मेल जाहिरात समजून कंपनीचं यंत्र वाटेतच अडवतं, म्हणाली. ते पुढे जात नाहीत, मागेही येत नाहीत. पाठवणाऱ्याला आणि ज्याला मेल जायचा त्यालाही सांगत नाहीत, कारण सांगितलं तर जाहिरातवाले पळवाट काढतील. मग आम्ही काय करायचं, मी विचारलं. तिने माझी तक्रार नोंदवून घेतली.

मी वचन मोडलं आणि ठमीला फोन लावला.

"आता कशाला फोन केलास, ताई?" आवाज पार बसलेला होता.

"तू माझे मेल वाचलेस का?"

"कुठले मेल?"

मी सगळं सांगितलं. मग कळलं की तिनेही लिहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. केस गळायला लागलेत, लगेच उपाय सांग, असं. कनेक्शन तिचंही त्याच कंपनीचं. त्या यंत्राने तिच्या रडण्यालाही केसांच्या तेलाची जाहिरात ठरवलं होतं.

"तू जगाची डोकी झाकतेस," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोकं तुला बघवत नाहीये."

आमच्यात तिने रडायचं आणि मी ओरडायचं, असं आधीपासून ठरलेलं आहे. मी ओरडले, "केस कुठे आहेत?"

"गेले."

"फेकलेस?"

ती म्हणाली, "उशीच्या अभ्र्यात भरून ठेवलेत. फेकवेनात गं."

तो अभ्रा पार्सलने आला. कुणा गिऱ्हाइकाने असे केस आणले असते, तर मी दारातूनच परत पाठवले असते. टोपात सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला लागतात, नाहीतर धुतल्याबरोबर केस एकमेकांत अडकून त्याचा घट्ट नमदा होतो. कापलेल्या वेणीत मुळं आपोआप एकीकडे राहतात. गळलेल्या केसांचा नुसता गुंता होतो. त्यातला एकेक केस बोटांच्या चिमटीत धरून चोळायचा. तो ज्या दिशेला सरकतो, तिकडे मूळ. मग दुसरा घ्यायचा.

मी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि खिडकीपाशी बसले. आता ठमी रोज फोन करते. मी स्पीकर लावून तो टेबलावर ठेवून देते. ती रडते, मेहुण्यांच्या तक्रारी सांगते, पुन्हा थोडं रडते. रडून झालं की आताशा जेवतेही. मी ऐकत ऐकत केस चोळत असते. यांना त्यातलं काहीही दुरुस्त करायला मनाई आहे.

काल तिने विचारलं, किती झालं. मी समोर बघितलं. एक बारीकशी बट जमली होती, शेजारी अख्खा अभ्रा पडला होता. खरं ते सांगितलं.

"ताई, इतका वेळ लागणार असेल तर तोवर माझे नवे केस येतील."

"येऊ देत," मी म्हटलं आणि पुढचा केस उचलला.