तीन नळ्यांचं घड्याळ

माझ्या थोरल्या भावानं वाटणीत मला फसवलं, हे मी नऊ वर्षं भेटेल त्याला सांगत आलो. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले. परवा पहाटे मी नांदेडला निघालो तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली ठेवत दीपमाला म्हणाली, "नळी आणायला जाऊन राहिलात का भांडण ताजं करायला?"

"नळी आणायला. माझ्या हक्काची हाय."

"मग दादांशी नीट बोला. चहा प्यायच्या आत तोंड उघडू नका."

नळी म्हणजे पाण्याची नव्हे, निक्सी नळी. अंगठ्याएवढी काचेची कुपी असते. तिच्या पोटात बारीक तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे केलेले असतात, शून्यापासून नऊपर्यंत. ज्या आकड्याला वीज द्यावी तो नारिंगी पेटतो आणि बाकीचे असून नसल्यासारखे होतात. जुन्या मोजमापाच्या यंत्रांत या नळ्या असायच्या. आता जगभरातले हौशी लोक त्या हुडकून त्यांची घड्याळं बनवतात. रिकामटेकड्यांचा उद्योग आहे म्हणा, पण एकदा तो उजेड डोळ्यांत भरला की सुटत नाही.

श्रीमंतदादाचं आणि माझं औशाला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका कॉलेजच्या भंगारात दादानं फ्रिक्वेन्सी मोजायचं जुनं यंत्र उचललं, त्यात अशा सहा नळ्या निघाल्या. "याचं एक दिवस घड्याळ करू," असं तो म्हणायचा. तो दिवस काही आला नाही. पुढं लोकांनी टीव्ही दुरुस्त करायचंच सोडलं. दुकानाला कुलूप लागलं, दादा मुलीजवळ नांदेडला राहायला निघाला आणि आमची वाटणी झाली.

आमच्याकडं वाटणी म्हणजे वाटणी. डाग द्यायचे कैये दोन होते, एकेक घेतला. मीटर एकेक. पेचकस मोजून, स्क्रूची बरणीसुद्धा दोन ताटांत ओतून निम्मी केली. तशाच नळ्या, तीन त्याला आणि तीन मला. घड्याळाला कमीत कमी चार लागतात हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. पण "तू चार घे" म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही.

पुढं मी माझ्या तीन तपासल्या. दोन झकास पेटल्या. तिसरीत फक्त एकचा आकडा स्वच्छ दिसायचा, बाकीचे अर्धेमुर्धे, कुणाचं डोकं नाही तर कुणाचे पाय नाहीत. माझं टाळकं सटकलं. मी तिथल्या तिथं फोन लावला आणि दादाला म्हणालो, "बाद माल माझ्या पदरात घातलास." तो नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्या "बरं"चा मला जास्त राग आला. त्यानंतर लग्नाकार्यात समोरासमोर आलो तरी मान हलवण्यापलीकडं आमचं काही झालं नाही.

यंदा मी हट्टानं घड्याळ बनवायला घेतलं. एक नळी मोबाईलवरून परदेशातून मागवली. किनवटचं जुनं सागवान मिळालं, त्याची पेटी केली, चार भोकं पाडली. तीन नळ्या बसल्या, चौथ्या जागेला ती बाद नळी. आणखी एक मागवता आली असती. पण मी का मागवू? दादाकडं तीन चांगल्या होत्या. एक बदलून दे म्हणायचा मला हक्क होता.

लातूरहून सहाची गाडी धरली. नळी कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत, डबी मांडीवर. अहमदपूर, लोहा करत साडेनऊला नांदेडला उतरलो. तरोड्याला दादाचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार कस्तुरावहिनींनी उघडलं.

"अगोबाई, भाऊजी! अहो, बघा तरी कोण आलंय!"

दादा आतून आला. वाळला होता. "ये भागवत," म्हणाला, "बस. चहा टाक गं." बस, एवढंच. जसा काही मी कालच येऊन गेलो होतो.

मी बसलो आणि समोर बघितलं तर फळीवर घड्याळ. निक्सीचं! नऊ सत्तावन्न. आधी मत्सरच वाटला, खोटं कशाला बोलू. मग मी नळ्या मोजल्या. तीनच होत्या. सगळ्यात डावीकडं भोक पाडलेलं होतं, नळी बसवायचा सॉकेटही होता, आणि तो रिकामा.

चहा येईस्तोवर नऊ एकोणसाठ झाले आणि मग एकदम शून्य शून्य शून्य.

"दादा, हे काय? बंद पडलं का?"

"न्हाई. दहा वाजले."

"हातचा एक धरायचा, भाऊजी," वहिनी कप ठेवत म्हणाल्या. "अकराला एक दिसतो, बाराला दोन. परवा गॅसवाला बाराला आला आन् दोन वाजले म्हणून जेवायचं सोडून पळाला."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. चहा संपला होता, म्हणजे बायकोची अट पाळून झाली होती. डबी उघडून नळी दादापुढं ठेवली.

"ही बदलून दे. तुझ्या तीन चांगल्या आल्यात."

दादानं नळी उजेडात धरली, कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन जोडली आणि एकेक आकडा लावून बघितला. "एक लागतो."

"एकच लागतो!"

"त्या यंत्रात ही पहिल्या जागेवर व्हती. तिथं कायम एकच पेटायचा. बाकीचे आकडे न वापरता मंदावले." मग त्यानं घड्याळाची तार काढली, मधली नळी उपसली आणि टेबलावर लावली. "आता ही बघ."

शून्य ते पाच लख्ख आले. सहापासून पुढं काजळी धरल्यागत, काही कळेना.

"ही कवापासून?"

"पहिल्यापासून. मिनिटांच्या दशकाला बसवली. तिथं पाचाच्या वर काम पडत न्हाई."

म्हणजे त्याच्या वाट्यालाही एक बाद आली होती. त्या दिवशी फोनवर तो एवढंच म्हणू शकला असता की माझ्याकडंबी तशीच हाय. तो "बरं" म्हणाला. मला मान वर करवेना. लाज वाटली, सरळ लाज वाटली.

"तुझं घड्याळ बारा तासांचं का चोवीस?" दादानं विचारलं.

"बारा."

"मग ही डावीकडं बसव की. तिथं एकाशिवाय काय लागतंय? झालं तुझं घड्याळ."

तीस वर्षं दुरुस्तीचं काम केलेला माणूस मी. एवढी साधी गोष्ट रागाच्या भरात डोक्यात आली नाही. दादानं नळी परत कापसात गुंडाळली, डबीत घातली आणि डबी माझ्या हातात दिली. आपली मधली नळी जागेवर बसवून वेळ लावली. शून्य एकेचाळीस.

मी त्या रिकाम्या सॉकेटकडं बघत होतो. "दादा, विकत मिळते की. तू का न्हाई मागवलीस?"

तो चष्मा पुसत बसला. उत्तर वहिनींनी दिलं, स्वयंपाकघरातून. "तनुजा मागवून देणार व्हती. लेकीलाबी नको म्हणले. म्हणले, ती जागा भागवतची हाय."

माझे डोळे भरून आले. दादाला दिसू नयेत म्हणून मी उठून घड्याळाची तार पुन्हा काढली, डबी उघडली आणि नळी त्या सॉकेटात दाबली. घट्ट बसली. तार लावली, वेळ लावली. दहा त्रेचाळीस. डावीकडचा एक असा पेटला की वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.

जेवणं झाली. जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी निघाल्या, दादा खो खो हसला. एक वाजला तशी डावीकडची नळी आपोआप विझली. दादानं ती काढून माझ्यापुढं धरली.

"घे. आता रात्री दहापर्यंत हिचं काम न्हाई. तुला तीनची गाडी हाय."

"आन् रात्री दहाला?"

"धरू हातचा. सवय हाय आम्हाला."

मी नळी घेतली आणि परत सॉकेटात बसवली. मग बायकोला फोन लावला.

"मी उद्या येतो."

"भांडलात का?"

"न्हाई."

"नळी मिळाली?"

"मिळाली. इथंच बसवली. आपल्याकडं दहाला शून्य वाजतील आता. हातचा एक धरायचा."

ती म्हणाली, "दादांना फोन द्या."