नागुबाईचं गाव माझ्या पोटात

दचकू नका, जिन्याखालच्या खोलीतून भूत बोलत नाही. मी लातूरच्या एका क्लासची सर्व्हर मशीन बोलतेय. वर तीनशे पोरं डॉक्टर व्हायच्या ध्यासानं परीक्षा देतात. त्यांचे प्रश्न, त्यांचे गुण, सगळं माझ्या पोटात.

मला आणलं क्लासचे मालक किशनराव सरांनी. भूकंपात त्यांचं घर गेलं, तेव्हा मागं ना वडलांचा फोटो उरला, ना आजोबांची काठी. तेव्हापासून हा माणूस सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाही. मला बसवतानाच बजावलं, "जुनं काई पुसायचं न्हाई. लागतंय कधीतरी."

मग त्यांनी आपल्या आईला, नागुबाईला, कॅमेऱ्यापुढं बसवलं. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण पडलेलं गाव तिनं घर न् घर सांगितलं. "मारुतीपासून तिसरं दार व्यंकटी सुताराचं. त्याची बायकू लई गोड गायची. म्हशीचं नाव चंद्री." बारा दिवस सांगत होती. पुढच्या वर्षी ती गेली. मग ते गाव उरलं फक्त माझ्यात.

माझ्या दाराशी एक राखणदार असतो, अँटिव्हायरस. चौकीत चोरांचे फोटो लावतात ना, तशी त्याला रोज नवी ओळखयादी येते. नव्या यादीत जुने चोर असतातच, म्हणून जुनी यादी आपोआप निघून जावी. पण सरांचा हुकूम! यादीवर यादी चढत गेली आणि परवा माझ्यात तीळ ठेवायला जागा उरली नाही. अकराला परीक्षा, अन् मी नऊ वाजताच हटून बसले.

व्यवस्थापक श्रीनाथ धावत आला. "पंचशीलाताई, त्या म्हातारीच्या गप्पा उडवा. जागा होईल."

"दुसरीकडं उतरवून घ्यायलाच चार घंटे लागतेत, श्रीनाथसर."

"उतरवता कशाला? पुसा!"

पंचशीला माझी देखभाल करते. तिनं ओढणी कमरेला बांधली. "आधी बघू तर द्या, कोण किती खाऊन राहिलंय."

एकेक कप्पा ती तपासत गेली. नागुबाई कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. आणि राखणदाराचा कप्पा? तीन वर्षांच्या याद्या!

"घ्या! राखणदारच घर खाऊन बसलाय की!"

तिनं सरांना फोन लावला. "सर, जुन्या याद्या काढते."

"पंचशीला, जुनं काई..."

"सर, त्या ठेवल्या तर आई जातेत."

मग सर म्हणाले, "काढ."

तिनं हातानं ओरबाडलं नाही. शेवटच्या तीनच याद्या ठेव, असं राखणदारालाच नेमून दिलं. बाकीच्या त्यानंच झाडून काढल्या. साडेदहाला मी मोकळा श्वास घेतला. अकराला परीक्षा लागली.

दुपारी पंचशीलानं नागुबाईला दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. एक घ्यायला सर स्वतः खाली आले. तिथंच स्टुलावर बसून त्यांनी आईला ऐकलं. चंद्रीचं नाव आलं तेव्हा हसले, अन् चष्मा काढून पुसत बसले.

माझा पंखा आता खरखरतो. नवी मशीन येणार आहे म्हणे. येऊ द्या. मी जुनी, मलाही काढा. माझी तक्रार नाही. फक्त जुनं काही टाकण्याआधी, बाबांनो, एवढं बघत जा, त्याच्या पोटात कुणाचं गाव तर नाही ना.