ड्रेसिंगच्या वेळचं भांडण

त्या बुधवारी मी वडिलांच्या खोलीत पाय ठेवला तसे ते म्हणाले, "आली का सहीवाली? तुझ्या त्या सहीनं गंगाखेडात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई."

सही विद्यापीठाच्या नामांतराला पाठिंबा देणाऱ्या निवेदनावरची होती. तिच्यावरून आमचं महिनाभर भांडण चाललं होतं, आणि ते मीच चालू ठेवलं होतं.

बापूंच्या मणक्यात कॅन्सर पसरला होता. पडून पडून पाठीला जखम झाली होती. रोज दुपारी लिंबाजी कंपाउंडर ती धुवायला यायचा. अंगणातून त्याच्या ट्रेमधल्या चिमट्याचा आवाज आला की बापू आधीच कण्हायला लागायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतो. जिवावरच्या झटापटीत, संतापात ती सुटतात आणि दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. धास्तीत मात्र दुसरी द्रव्यं तेच दुखणं वाढवतात. हे वाचलेलं होतं. आमच्याकडे मॉर्फिन मिळत नव्हतं. एकदा लिंबाजी जखम पुसत असताना बापू सहीवरून माझ्यावर बरसले, आणि पट्टी बांधून झाली तरी त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून मी ड्रेसिंगच्या वेळी भांडायला येऊ लागले.

लटकं भांडण त्यांना लगेच ओळखू यायचं. "मास्तरीण सोंग करायली," म्हणून हसायचे, आणि चिमटा लागला की ओरडायचे. म्हणून मला खरंच बोलावं लागे.

त्या बुधवारी सहीचा उपयोग झाला नाही. ती त्यांच्या सवयीची झाली होती. लिंबाजीनं पट्टी सोडली, बापूंनी पलंगाची कड घट्ट धरली.

"आईचं पोट दुखायचं तेव्हा तुम्ही नाटक म्हणायचात," मी म्हणाले. "पाहुण्यांसमोर तिची नक्कल करून दाखवायचात."

"तोंड सांभाळ."

"ती चुलीपाशी वाकून बसलेली असायची आणि तुम्ही ताट मागायचात. ती गेली त्या दिवशीसुद्धा."

"भुजंग! हाकल हिला! पडलेल्या माणसावर सूड उगवायलीस का, अवदसे?"

माझ्या भावाला हाक मारत, कड सोडून ते कोपरावर उठले. कितीतरी दिवसांत उठले नव्हते. लिंबाजीनं जखम धुतली, मलम भरलं, पट्टी बांधली. बापूंची नजर माझ्यावरून हलली नाही.

"परत या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

"उद्या येते," मी म्हणाले.

पहाटे ते गेले.

दहाव्याला गोदाकाठी पिंड मांडला. कावळे चिंचेवर बसून होते, एकही खाली उतरेना. गेलेल्याचं मन कुठं अडकलंय ते ओळखून बोलून दाखवायचं असतं. भुजंग हात जोडून म्हणाला, "बापू, मळा इकणार न्हाई. आत्याला अंतर देणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

नर्मदाआत्या माझ्याकडे वळली. बापूंची ही एकुलती बहीण. "कसा शिवंल? मरत्या माणसाला रोज येऊन डागण्या द्यायची ही! भिताडाआडून समदं ऐकलंय मी. माफी माग. म्हण, खोटं बोलले."

"ताई, म्हणून टाक की," भुजंग म्हणाला. "लोकं खोळंबलेत. तुझ्या भांडणापायी बापूंना मेल्यावर बी उपाशी ठेवायचं का?"

लिंबाजी मागे उभा होता. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. बापूंच्या कानावर गेलं असतं तर त्यांना राग आला नसता, आणि राग नाही म्हणजे दुखणं होतंच.

खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आईचं पोट दुखत नव्हतं असं झालं असतं.

"घुमी कुठली," आत्या म्हणाली. "आता वाचा बसली का?"

मी पुढे होऊन पिंडासमोर बसले.

"बापू, आईला दुखत होतं. ते मी मागं घेणार नाही. पण तुम्ही भडकलात की तुम्हाला दुखायचं नाही, म्हणून मी भांडायला येत होते. तुमचं दुखणं मला बघवत नव्हतं."