जागा झाली की सांगते

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. गाणी ऐकायचा नव्हे हं, उगाच कानाला लावून नाचू नका! मी वैमानिकाचा. माझा एक कान चिकटपट्टीने बांधलाय, माइकवरचा स्पंज केव्हाच झडलाय, तरी ऐट अजून गेलेली नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो कर्ज काढून विमान चालवायला शिकलेला हडकुळा तरुण. दुकानात त्याने मला डोक्यावर चढवलं आणि आरशात बघून स्वतःशीच हसला. तेव्हापासून वारा-वादळात मी त्याच्यासोबत होतो.

आमच्या कामात एक रीत आहे. खालून विमानतळाचा टॉवर जे सांगेल ते वैमानिकाने शब्दन्‌शब्द परत म्हणायचं. नुसतं 'बरं' चालत नाही. आणि जे होण्यासारखं नसेल, त्याला सरळ 'जमणार नाही' म्हणायचं, कारण खोट्या होकाराने माणसं मरतात. उतरायला जागा नसली की टॉवर सांगतो, वरच घिरट्या घाल.

ही रीत त्याने घरीही आणली. त्याची लेक, आमची भिंगरी, मला डोक्यावर चढवून जेवणाच्या टेबलावर बसायची आणि टॉवर व्हायची. "बाबा, अजून ताटं मांडली नाहीत. घिरट्या घाल!"

"घिरट्या घालतो," असं म्हणत तो ताडमाड माणूस हात पसरून टेबलाभोवती फिरायचा. शेवटी बायको ओरडायची, "अगं, उतरव त्याला, जेवण निवतंय!" काय हसायचे तिघं!

पण त्याची कंपनी छोटी. मुक्काम घरी असायचा, पगार मात्र शिक्षणाच्या कर्जातच संपायचा. मग तोही रखडू लागला. अशात दूरदेशीच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. पगार दुप्पट. मोठ्या विमानाचं शिक्षण तेच देणार, पण त्या बदल्यात पाच वर्षं बांधून घेणार. मध्येच सोडलं तर सगळा खर्च याच्या बोकांडी. आणि पहिलं वर्षभर सुट्टीचं नाव नाही.

नवरा-बायको स्वयंपाकघरात बोलत होते. मी दाराआडच्या खिळ्याला लटकून ऐकत होतो.

"तिकडे गेलो तर कर्ज फिटेल."

"आणि नाही गेलास तर?"

"तारण ठेवलेलं घर बँक घेईल."

"मग मला विचारतोस कशाला रे?" एवढं म्हणून ती ओट्याकडे तोंड करून रडायला लागली. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

नव्या कंपनीत हेडफोन नवे मिळतात, म्हणून मी घरीच राहणार होतो. निघायच्या सकाळी भिंगरीने मला खिळ्यावरून ओढलं आणि टेबलावर चढून बसली.

"बाबा, माझ्या वाढदिवसाला घरी उतर."

तो वाकून बॅगेची चेन ओढत राहिला.

"परत म्हण ना! असंच असतं ना तुमच्यात?"

एकदा भर आकाशात इंजिन बंद पडलं होतं, तेव्हाही त्याचा आवाज कापरा झाला नव्हता. त्या सकाळी झाला.

"जमणार नाही," तो म्हणाला.

अरे, खोटं बोल की एकदा! मी मनातल्या मनात ओरडलो. माझं कोण ऐकणार?

भिंगरी रडली नाही. माइक तोंडाशी ओढून म्हणाली, "मग घिरट्या घाल. जागा झाली की सांगते."

बाहेर टॅक्सी थांबली होती. एका हातात बॅग धरून आणि दुसरा हात पसरून त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली. "घिरट्या घालतो," असं म्हणाला आणि मागे न बघता दाराबाहेर गेला.

आता भिंगरी रोज मला कानावर चढवते. माझी वायर कशालाच जोडलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी माइकमध्ये म्हणते, "बाबा, जागा झाली. उतर." आणि वाट बघते.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, माझी चिकटपट्टीही बदलू नका. माझं काय, मी जुनाच. पण तुम्हाला घरातून कुणी असं बोलावत असेल आणि तुम्हाला जमण्यासारखं असेल, तर ते शब्द परत म्हणा, आणि उतरा.