लांब जाणारी पोरं

"जिम कॅन्सल केलं, वहिनी. ते गाडी बंद पडली तर टो करणारे असतात ना, तेही केलं," अतुलकाका म्हणाले. "आता हे एक राहिलंय. बास्केटबॉलचा काहीतरी ऑनलाइन गेम आहे. कार्डावर चार्ज येत राहील उगाच."

बाबांचा लॅपटॉप डायनिंग टेबलावर उघडा होता. अतुलकाका आमच्याच गल्लीत राहतात. बाबा गेल्यापासून ते रोज ऑफिस सुटलं की न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या घरी येत आणि बाबांचं एकेक खातं बंद करत. एरवी ते बोलघेवडे आहेत, पण त्या दिवसांत त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं आणि हे येत होतं.

आई समोर मेथी निवडत बसली होती. "ते असू द्या," ती म्हणाली.

"अहो, आता कोण खेळणार?"

"शनिवारपर्यंत असू द्या. शेवटची होम मॅच आहे."

अतुलकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. ही बाई गेली कित्येक वर्षं त्या गेमला 'माझी सवत' म्हणत आली होती.

माझे वडील रवींद्र एका विमा कंपनीत जुने प्रोग्रॅम चालू ठेवण्याचं काम करत. नवीन काही लिहायचं नाही, जे चाललंय ते बंद पडू द्यायचं नाही. त्यात ते इतके चांगले होते की त्यांना तिथून हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. उंचीनं बुटके, अकोल्याचे, आयुष्यात बास्केटबॉल हातात धरलेला नाही. घराजवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत मॅच असली की ट्रॅफिक होतो, एवढाच त्यांचा खऱ्या बास्केटबॉलशी संबंध. ऑफिसातल्या काही जणांनी मिळून तो गेम सुरू केला, एकेक करून सगळे कंटाळले, आणि बाबा राहिले.

त्या गेममध्ये तुम्ही खेळत नाही. तुम्ही कोच असता. नकाशावर कुठेही नसलेलं हार्टवेल नावाचं एक छोटं कॉलेज बाबांकडे होतं. पोरं म्हणजे एक नाव, उंची आणि आकड्यांची रांग. कुणाला कशाची प्रॅक्टिस द्यायची, कुणाला पहिल्या पाचांत उतरवायचं, पुढच्या वर्षासाठी कुठली पोरं आणायची, एवढं ठरवायचं. संध्याकाळी पाचला कॉम्प्युटर मॅच खेळून टाकतो आणि तुम्ही ती वाक्यावाक्यानं वाचता. सगळं बरोबर करूनही हरता. वर्षभर ज्याच्या मागे लागलात त्या पोराला शेवटच्या दिवशी मोठं कॉलेज उचलून नेतं. आणि कधीतरी ज्याला कुणी विचारलं नव्हतं असा एखादा हडकुळा मुलगा चौथ्या वर्षी असा उभा राहतो की बाबा स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगत, "शुभा, बघ, म्हटलं होतं ना?"

मोठ्या कॉलेजांच्या ऑफर त्यांना येत. ते हार्टवेल सोडत नसत. "इथे तरी प्रमोशन घ्या," आई म्हणायची.

त्यांना इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या अटॅक आला. मागच्या सीटवर कोथिंबीर आणि गव्हाचं पीठ होतं. त्या दिवसाची टीम त्यांनी सकाळीच लावून ठेवली होती. संध्याकाळी पाचला आई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कागदांवर सह्या करत असताना आणि मी घरी येणाऱ्या विमानात असताना हार्टवेल जिंकलं. हे मला नंतर लॅपटॉपवर दिसलं.

शनिवारी पावणेपाचला बाबांच्या फोनचा रोजचा अलार्म वाजला. फोन मायक्रोवेव्हशेजारी चार्जिंगला होता. तो तिथेच असायचा, आणि तो तिथून काढायचं आम्हा दोघींच्याही हातून झालं नव्हतं. आई हात पुसत आली.

"लाव," ती म्हणाली.

"काय लावू?"

"टीम. पाचला लॉक होतं ते."

मी लॉगिन केलं. पासवर्ड अतुलकाकांनी शोधून ठेवला होता. आज जिंकलो तर टूर्नामेंट, हरलो तर सीझन संपला, असं वर लिहूनच आलं होतं.

"मार्कस आहे सेंटरला, चांगलाय. त्यालाच ठेवते."

"वेंडेलला घाल."

"वेंडेल प्राइस? आई, त्याचे आकडे बघ. त्याला रीबाउंडसुद्धा घेता येत नाही."

"मला नको सांगू. पोळ्या लाटताना माणसाला पळून जाता येत नाही, सगळं ऐकलंय मी. पाय जड आहेत, फ्री थ्रो लागत नाही, स्वभावानं गरीब आहे. स्वभाव ह्यांनीच ठरवला होता." तिनं खुर्ची ओढली. "चार वर्षं बाकावर बसलाय तो. शेवटच्या होम मॅचला अशा पोराला पहिल्या पाचांत उतरवायचं, असं ह्यांचं होतं. एकदा त्यापायीच टूर्नामेंट घालवली. दोन दिवस तोंड पाडून बसले होते. पुढच्या वेळी परत तेच."

"पण त्या वेंडेलला काय कळतंय? तो खरा नाहीये."

"मी बावळट आहे का? त्याला नाहीच कळत. ह्यांना कळायचं."

मी वेंडेलला घातलं. सेव्ह केलं. पाचला अजून वेळ होता, म्हणून दुसरं पान उघडलं. तिथे पुढच्या वर्षासाठी हेरून ठेवलेली पोरं होती. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं गाव, त्याला काय हवंय, आणि कोचनं त्याला कोणकोणत्या दिवशी फोन केला ते. बाबांनी जवळजवळ सगळ्यांना रोज फोन लावले होते. फक्त ऑरेगनच्या एका मुलाला रविवारीच.

"ह्याला मधे विसरले वाटतं बाबा."

आईनं चष्मा वर करून वाचलं. "विसरले नाहीत. त्याला घरापासून लांब जायचंय, लिहिलंय बघ. लांब जायचं असतं ना, त्या पोरांना सारखे फोन करायचे नाहीत. मन उडतं म्हणे त्यांचं. आठवड्यातून एक करायचा. आपण आहोत एवढं कळलं की पुरे."

"हे गेममध्ये आहे?"

"गेममध्येच. नाहीतर ह्यांना कुठून सुचणार? मी म्हणायचे, अहो, पोरीला ताप आहे, आज करा की. तर म्हणायचे, नको, रविवारी करू. तिला लांब जायचं होतं."

नोकरी घेतली तेव्हा न्यू जर्सीतही एक मिळत होती. मी बॉथेलची घेतली. देशाचं दुसरं टोक. बाबा विमानतळावर म्हणाले होते, "तिकडे पाऊस फार, जॅकेट चांगलं घे." मग दर रविवारी त्यांचा फोन येई. ते हार्टवेलबद्दल सांगत, मी लॅबबद्दल, आणि मग ते म्हणत, "ठीक आहे चारू, ठेवतो." मला वाटायचं, आमच्यात बोलायला तेवढंच आहे.

"सुरू झालं का?" आईनं विचारलं.

झालं होतं. एकेक ओळ येत होती.

"वाच."

मी वाचत गेले. वेंडेलनं पहिलाच शॉट मारला.

"आत गेला?"

"गेला."

आईनं मान हलवली, एखाद्या शेजारच्या मुलाचा रिझल्ट ऐकावा तशी. नंतर रिंगवरून उसळलेला बॉल पकडून त्यानं एक रीबाउंड घेतला. मग फाउल, आणखी एक फाउल. दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही चुकले.

"ते लागतच नाहीत त्याला," आई म्हणाली.

दुसऱ्या हाफमध्ये तो पाच फाउल होऊन बाहेर गेला. तिथे लिहिलं होतं की प्रेक्षक उभे राहिले. ते वाक्य शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलासाठी येतं की त्याच्याचसाठी आलं, मला माहीत नाही. मी ते दोनदा वाचलं. मार्कस आत आला तेव्हा उशीर झाला होता. हार्टवेल तीन पॉइंटनी हरलं.

आई उठली. खुर्ची नीट आत सरकवली.

"आता कर बंद."

"राहू दे ना. मी बघत जाईन बॉथेलहून."

"तुला आवडतं का ते?"

मी स्क्रीनवरचं पान खालीवर सरकवत राहिले.

"मग नको. दुसरं कुणीतरी घेईल टीम, ज्याला आवडतं. पोरं तशीच राहतील का अडकून?"

मी राजीनाम्याचं बटण दाबलं. खरंच देताय का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. लगेच रिकाम्या कॉलेजांच्या रांगेत हार्टवेलचं नाव वर आलं. कोच नाही. दहा मिनिटांनी मी पुन्हा पाहिलं तेव्हा नाव तिथे नव्हतं. कुणीतरी घेतलं होतं.

आईनं मेथी फोडणीला टाकली होती. "अतुलला मेसेज कर," ती म्हणाली. "झालं म्हणून सांग."

रविवारी मी बॉथेलला परत आले. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागे, पार्किंगच्या कडेला, मी उभी होते. पाऊस नव्हता. मी घरी फोन लावला.

"काय गं, काय झालं?" आईचा आवाज घाबरलेला.

"काही नाही. असाच केला."

"आज मंगळवार आहे."

"हो."

मग ती म्हणाली की अतुलच्या बायकोनं उपमा पाठवला होता, त्यात साखर जास्त होती. नळाचं वॉशर गेलंय. ती बोलत होती तेवढ्यात तिच्या बाजूला, मायक्रोवेव्हशेजारी, अलार्म वाजायला लागला. तिकडे पावणेपाच झाले होते.

ती तो बंद करायला गेली नाही. मीही कर म्हटलं नाही. तो आपोआप थांबेपर्यंत आम्ही दोघी फोन कानाला लावून उभ्या होतो.