वीतभर अंतराचा दंड

लागोपाठ सहाव्या शनिवारी देवदत्त वकिलांनी येसाजीला पाहून गाडी भलत्याच झाडाखाली लावली, तेव्हा येसाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला चुकवायचंच तर निदान घरी तरी बसावं! पण शनिवारचा गोल्फ सुटेल तर शपथ. क्लबाच्या पार्किंगमध्ये झाडं होती इनमिन चार, आणि अलिबाग कोर्टातले हे नामांकित वकील त्या चारांखाली आळीपाळीने लपत होते.

येसाजी या क्लबात बावीस वर्षं कॅडी होता. साहेबाची स्टिकांनी भरलेली बॅग खांद्यावर घ्यायची, गवतात गडप झालेला चेंडू हुडकायचा, पुसून हातात द्यायचा, आणि साहेबाने वाकडा मारला की खाडीवरच्या वाऱ्याला नावं ठेवायची, हे त्याचं काम. सोमवारी क्लब बंद असे. त्या दिवशी मेंबरांच्या मोडक्या स्टिका घेऊन कॅडी लोक स्वतः खेळत, आणि सोमवारच्या खेळात येसाजीला हरवणारा अजून जन्माला यायचा होता. हे सगळ्या पत्र्याच्या शेडला, म्हणजे कॅडी बसत त्या शेडला, माहीत होतं. देवदत्त वकिलांनाही माहीत होतं. स्वराजला माहीत नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

स्वराज हा नवा मेंबर. तिशीतला, मुंबईत कसलीशी कंपनी, शुक्रवारी रो-रो बोटीने गाडीसकट यायचा. त्याला पैज लावल्याशिवाय खेळताच येत नसे. वकिलांनी त्याला घोळात घेतलं. "हा येसाजी, आमच्या नारळाच्या वाडीतला जुना माणूस. हौसेनं मारतो कधीमधी. तू याला हरवून दाखव, तीन लाख." स्वराज हसला. पण नवखा असला तरी व्यवहाराला पक्का. म्हणाला, पैसे आधी माझ्या गाडीत ठेवा, माझेही तिथेच असतील.

त्या तीन लाखांत बेचाळीस हजार शेडचे होते. चौदा कॅडी, प्रत्येकी तीन हजार. कॅडींनी मेंबरांशी पैज लावायची नाही असा क्लबाचा नियम, म्हणून पैसे वकिलांच्या हातून लागले. लोक कां कूं करत होते. येसाजीनेच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माज्यावर इस्वास ठेवा. पैशाला जबाबदार मी."

मग वकील कानाशी लागले, की पहिले पाच होल वाकडे मार, तो पैज वाढवतो का बघू. येसाजीने मारले. चांगला सरळ जाणारा चेंडू मुद्दाम सुरूच्या बनात घातला, आणि वर "अरेरे" म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षांत त्याने दुसऱ्याचा चेंडू पायाने सरकवला नव्हता, आणि आता स्वतःच्याच हाताशी बेइमानी चालली होती. स्वराजने काही पैज वाढवली नाही. सहाव्या होलपासून येसाजी आपल्यासारखा खेळला आणि जिंकला. पण जेवणाच्या टेबलावर कुणीतरी स्वराजला खरं सांगितलं, की हा वाडीतला गडी नाही, क्लबातला सगळ्यांत तरबेज कॅडी आहे. स्वराज ताटावरून उठला, गाडीत बसला आणि दोघांचेही पैसे घेऊन निघून गेला.

तेव्हापासून सहा शनिवार.

आज येसाजीने चौथं झाडही सोडलं नाही. थेट गाडीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, शेडला काय सांगू?"

"अरे, माझेही अडकलेत ना!" देवदत्त काच अर्धीच खाली करून म्हणाले. "माझे अडीच लाखांच्या वर गेलेत, त्याचं तुला काहीच नाही?"

"मग मागा की त्यांच्याकडं."

"कुठल्या तोंडानं मागू? आणि कायद्यानं विचारशील तर पैजेचा पैसा कोर्टात मागताच येत नाही. असला दावा उभाच राहत नाही, येसाजी."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू येसाजीला फुकट सल्ला देऊन उपकारच केले. मग काच पुन्हा वर गेली. येसाजीला वाटलं, बॅगेतली सगळ्यात जड स्टिक काढावी आणि त्या काचेवर एकदाच सरळ मारावी. पण तो शेडकडे वळला.

शेडमध्ये नूतन बसली होती. चौदा जणांत ती एकटीच बाई, आणि पैसे गोळा करण्याचं काम तिनेच केलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी येसाजी आत आला की कुणीतरी सरकून बाकावर जागा करून देत असे. आता कुणी सरकत नव्हतं. येसाजी उभाच राहिला, आणि उभ्या उभ्या त्याने ठरवलं की आता वकील पुरे झाला.

स्वराज शेवटच्या होलच्या सुरुवातीला एकटाच सराव करत होता. येसाजी समोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, तुमच्याकडं शेडचं पैसं हायेत."

"काका, तुम्ही मला उल्लू बनवलंत," स्वराज स्टिक न थांबवता म्हणाला. "पाच होल नाटक केलंत. चीटरला मी पैसे देत नाही."

"केलं नाटक. न्हाय म्हनत न्हाय. वकिलांचं तुमी बगा. पन बेचाळीस हजार चौदा जनांचं हायेत, त्यांनी काय नाटक केलं न्हाय."

स्वराज थांबला. शेडचे पैसे त्यात होते हे त्याला पहिल्यांदाच कळत असावं. पण फुकट सोडून देईल तर तो जुगारी कसला? त्याचे डोळे चमकले.

"ओके. हा एक होल, कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल तो जिंकला. आता सरळ खेळायचं. तुम्ही जिंकलात तर शेडचे बेचाळीस आणि माझे तेवढेच, चौऱ्याऐंशी हजार आत्ता देतो. हरलात किंवा बरोबरी झाली, तर विषय संपला. परत कुणी मागायला यायचं नाही."

बरोबरीसुद्धा त्याचीच! स्वतःच जिंकलेले पैसे मिळवायला माणसाने पुन्हा जिंकायचं, तेही निम्म्या वाटा बंद करून. येसाजीच्या तोंडात शिवी आली. ती गिळून तो "चालंल" म्हणाला.

एवढ्यात देवदत्त वकील कुठूनसे उगवले. पैजेचा वास त्यांना बरोबर लागत असे. "मी साक्षीदार," ते म्हणाले, आणि कुणी नको म्हणायच्या आत बरोबर चालू लागले.

स्वराज चांगला खेळला. समुद्राकडून वारा होता तरी पाच फटक्यांत त्याने चेंडू भोकात घातला. येसाजीचे पहिले दोन फटके असे गेले की वकिलांनी बोट तोंडात घातलं. तिसरा त्याने हलकेच ढकलला. चेंडू हिरवळीवरून गेला, भोकाकडे वळला आणि काठापासून वीतभर अंतरावर थांबला.

झालं. आता एक टिचकी. चार फटके विरुद्ध पाच. पोरसुद्धा चुकणार नाही असा तो फटका होता. स्वराजने खिशातून फोन काढला आणि पाठ वळवून कुणाशी तरी बोलू लागला. येसाजी चेंडूपाशी गेला. त्याच्या डोक्यात बाकावर सरकणारी माणसं होती. तो वाकला, चेंडू उचलला आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसला.

पुसता पुसता त्याचा हात थांबला.

बावीस वर्षं भोकाजवळ चेंडू थांबला की साहेब लोक एकमेकांना "राहू दे, झाला" म्हणत, आणि कॅडीने तो उचलून पुसून द्यायचा. हाताला तेवढंच माहीत होतं. पण आज कुणी "राहू दे" म्हटलं नव्हतं. आज चेंडू त्याचा स्वतःचा होता. खाली खूण न ठेवता उचलला, की एक फटका दंड. हा नियम येसाजीने कितीतरी नव्या मेंबरांना शिकवला होता.

दंड धरला तर पाच. म्हणजे बरोबरी.

स्वराजची पाठ अजून तशीच होती. वकिलांनी मात्र पाहिलं होतं. त्यांनी भुवया उडवल्या, आणि हाताने खाली दाबल्यासारखी खूण केली. ठेव, ठेव परत. येसाजीला त्या खुणेची शिसारी आली. पाच होल याच माणसाच्या खुणांवर तो नाचला होता. ते सुरूचं बन, ते तोंडातलं "अरेरे", सगळं त्याला आठवलं.

"साहेब," त्याने मोठ्याने हाक मारली. "माजा एक फटका दंड. मी खाली खून न ठेवता चेंडू उचलला."

स्वराज वळला. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पुढे आला, येसाजीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवू लागला. "काका, मान गये! असा माणूस मी बघितला नाही. मी तर बघतसुद्धा नव्हतो!" मग त्याने पाकीट काढलं. स्वराजने पाचशेची एक नोट काढून त्याच्या खिशात कोंबली. "ही तुमच्या खरेपणाला. बाकी, ठरलं ते ठरलं."

"मूर्ख," वकील पुटपुटले, आणि जेवणाच्या टेबलाकडे निघाले.

येसाजीने राहिलेली टिचकी मारली. चेंडू भोकात पडला. तो काढून घ्यायला त्याला वाकवेना.

शेडमध्ये त्याने काही लपवलं नाही. आधी पाच होल मुद्दाम वाकडे मारल्याचं सांगितलं, मग पैज, मग दंड. पाचशेची नोट बाकावर ठेवली. "तुमचं एकेकाचं तीन हजार मी फेडीन," तो म्हणाला. "वरीस लागंल, पन फेडीन. खोटं बोलून जिकायचं माज्यानं झालं न्हाय." मनात कुठेतरी त्याला वाटत होतं, की निदान इथे तरी कुणी पाठीवर हात ठेवील.

कुणी ठेवला नाही.

"फेडशील तू, दादा. त्याचं न्हाय काय," नूतन म्हणाली. "पन पैसं आमचं होतं. त्या दिवशी खोटं खेळलास तवा आमाला इचारलं न्हाईस. आज खरं बोललास तवाबी न्हाय."