जाईचा तोबरा

मित्रांनो, जेवताना तोंड गच्च भरून बोलायला लागलात की आई म्हणते, "आधी तो तोबरा संपव." तो तोबरा म्हणजे मी. घोड्याच्या तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी. माझं वय झालंय, आणि मोठेपणा मिरवण्याचे दिवसही गेले. म्हणून आज माझी चूकच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म घाटकोपरचा. स्टेशनाबाहेर टांगे उभे राहत त्या काळी माझा मालक धोंडिराम याच्या वडिलांनी, आबांनी, लॉरीच्या जुन्या ताडपत्रीतून मला कापलं आणि दाभणाने दुहेरी दोऱ्यात शिवलं. "हा माझ्यामागेही टिकेल," असं ते म्हणत. टिकलो. आबा गेले, रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले. धोंडिरामने टांगा विकला, पण पांढरीशुभ्र घोडी ठेवली आणि लग्नाच्या वराती सुरू केल्या. तिचं नाव जाई. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत किती नवरदेव तिने मिरवले, त्याला गणती नाही. वरातीत सगळे जाईकडे बघत आणि वरात उरकली की जाई माझ्याकडे बघे. मला भरताना पाहिलं की कान टवकारून खिंकाळायची. त्याचा मला फार अभिमान होता. जरा जास्तच होता.

जाईने विशी ओलांडली आणि ती खोकायला लागली. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तर तिला उभ्या उभ्या धाप लागे. नाकपुड्या फुगत, श्वास सोडताना पोट आत ओढलं जाई आणि बरगड्यांखाली खोल रेघ उमटे. एक दलाल दोनदा येऊन तिला न्याहाळून गेला. म्हातारी जनावरं नेऊन तो त्यांचं काय करतो, हे त्याला कोणी विचारत नसे.

"दसऱ्यापर्यंत बघू," धोंडिराम बायकोला म्हणाला. "नाही सुधारली तर द्यावी लागेल."

"द्यायची नाही," द्रौपदी म्हणाली. "आपली कुंदा रांगत हिच्या पायात जायची. हिने कधी खूर उचलला नाही. तिला दारातनं काढायचं?"

आणि द्रौपदीने पदर खोचला. घरात लेकराला खोकला झाला की जे करतात, ते सगळं तिने केलं. सकाळ-संध्याकाळ ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी दिली. पावसाचं वारं लागू नये म्हणून तबेल्याच्या फटींना गोणपाटं ठोकली. खाली पेंढ्याची जाड गादी घातली. आणि सुकं गवत माझ्यात शिगोशीग भरून मला जाईच्या तोंडाला बांधलं. एवढी माया कुठल्या घोडीच्या नशिबी असेल, असं मला वाटे. जाई मात्र दिवसेंदिवस खंगत चालली.

शेवटी जनावरांचे डॉक्टर अंबादास आले. दारातच त्यांना ठसका लागला. त्यांनी जाईच्या बरगड्यांना नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला मागून घेतलं, दारातल्या उजेडात उलटं धरलं आणि थापट मारली. माझ्या पोटातून धुळीचा लोट निघाला.

"वहिनी, हे बघा. गवताची धूळ, बुरशी, सगळं यात आहे. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. आणि तुम्ही नाकालाच ही पिशवी बांधताय."

"आणि धुरी?" द्रौपदीने हळूच विचारलं.

"ती आजपासून बंद. हा दमा आहे. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील. औषध देतो मी, पण खरं औषध म्हणजे मोकळी हवा."

"साहेब, आबांच्या हातचा तोबरा आहे हो," धोंडिराम म्हणाला.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी तिला जेवू घालत होतो आणि ती जेवत असतानाच तिचा दम कोंडत होतो.

द्रौपदीने मला खिळ्याला टांगलं आणि गोणपाटं स्वतः उपटली.

"अगं, गारठेल ती," धोंडिराम म्हणाला.

"गारठली तर झूल घालीन. श्वास कुठनं आणू?"

पेंढा गेला. कारखान्यातून टाकून दिलेल्या रबरी पट्ट्याचे तुकडे खाली अंथरले. गवत पिंपात अर्धा तास भिजवून जमिनीवरच घालायचं, म्हणजे मान खाली राहते आणि नाक वाहून मोकळं होतं. झाडू मारायचा तो जाई बाहेर असतानाच. रोज सकाळी द्रौपदी गजराचं घड्याळ घेऊन बसे आणि मिनिटभर जाईचे श्वास मोजून भिंतीवर कोळशाने आकडा लिही. धडधाकट घोड्याचे सोळाच्या आत असतात. पहिल्या दिवशी बत्तीस. मग अठ्ठावीस. मग चोवीस.

दसरा आठ दिवसांवर असताना द्रौपदी दुपारी बाहेर गेली होती. जाईला जरा बरं दिसत होतं. धोंडिरामला राहवलं नाही. त्याने मला काढून सुकं गवत भरलं. मला पाहून जाई किती दिवसांनी खिंकाळली, आणि मला ओरडून सांगता येईना की नको, दूर हो.

संध्याकाळी आकडा छत्तीस होता. "ती मागत होती गं," धोंडिराम मान खाली घालून म्हणाला.

द्रौपदीने आबांचं दाभण चुलीत लाल केलं आणि माझ्या पोटाला भोकं पाडायला घेतली. दहाबारा भोकं झाल्यावर धोंडिरामने हात पुढे केला. "दे इकडे. जाड कापड आहे, तुला रेटायचं नाही." उरलेली भोकं त्याने पाडली. डोळे पुसत पाडली.

तेव्हापासून गवत माझ्यात भरून, तोंड आवळून मला पिंपात बुडवतात. आता ते पाण्यावर तरंगत नाही, आतपर्यंत भिजतं. मग मला वर काढून निथळवतात आणि जाईपुढे जमिनीवर ओततात. दसऱ्याच्या सकाळी आकडा बावीस होता. दलाल आला, तेव्हा धोंडिराम दार अडवून उभा राहिला. "नाही द्यायची," एवढंच म्हणाला.

त्याला आता दोन वर्षं झाली. जाई वराती काढत नाही. मोकळ्यावर उभी राहते आणि उन्हं उतरली की संथ फिरते. मी टिकेन असं आबा म्हणाले होते, पण रोजच्या पाण्याने माझं कापड सडतंय, शिवण उसवतेय. तरी माझी तक्रार नाही. मित्रांनो, जीव लावाल त्याला जरूर लावा. फक्त आपल्या मायेने त्याचा जीव गुदमरत नाही ना, हे अधूनमधून जवळ बसून बघत जा. आणि गुदमरत असेल, तर ती माया कितीही जुनी असो, तिला भोकं पाडा.

आज सकाळी द्रौपदीने मोजले. चौदा.